एकटी पाडलेली

माझ्या आजोळच्या माजघरात एक पाट कायम भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. पंगत उठली की बाकीचे पाट एकावर एक रचले जात. हा मात्र वेगळा, न्हाणीघराकडे जाणाऱ्या दाराशी. तो काकूंचा पाट. काकू म्हणजे माझ्या आजीच्या चुलत सासूबाई. तेराव्या वर्षी त्यांचं कपाळ पांढरं झालं आणि तेव्हापासून त्या त्याच घरात राहिल्या. मी त्यांना पाहिलं ते १९६०च्या दशकात, त्यांच्या अगदी अखेरच्या वर्षांत. डोईवरून घट्ट ओढून घेतलेलं लाल आलवण, हात मोकळे, पावलांचा आवाज नाही. घरात तेव्हा चौदा माणसं होती. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू काकूंनी वळायचे, लोणच्याच्या बरण्यांना दादरे काकूंनी बांधायचे, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी रात्रभर काकूंनीच बसायचं. पण ओसरीवर कुणी वहाणा पायात सरकवतंय असा आवाज आला, की काकू हातातलं काम टाकून कोठीच्या अंधारात जाऊन उभ्या राहत. कामाला निघालेल्या माणसाला आपलं तोंड दिसू नये म्हणून. वहाणांचा आवाज अंगणापलीकडे विरला की परत येत आणि जिथे हात थांबला होता तिथून पुढे लाडू वळू लागत. हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. आम्हा मुलांना वाटे, काकूंचा स्वभावच असा आहे.

त्या गेल्या तेव्हा मृत्यूची नोंद करायला निघालेला मामा दारातूनच परत आला. ‘काकूंचं नाव काय सांगू?’ त्याने विचारलं. कुणालाच सांगता येईना. माहेरचं नाव माहेराबरोबर कधीच संपलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेल्या सासरच्या नावाने ज्यांनी हाक मारायची, ती माणसं आधीच निघून गेली होती. आजीने पुष्कळ आठवून पाहिलं. तिलाही ‘काकू’च आठवलं. चौदा माणसांच्या घरात पन्नासहून अधिक वर्षं राबलेल्या बाईची नोंद अखेर नवऱ्याच्या नावापुढे ‘यांची विधवा’ एवढंच लिहून झाली.

मराठी कथात्म साहित्यातल्या एकाकी स्त्रियांवरच्या या पुस्तकासाठी चार शब्द लिहायला बसले, तेव्हा सर्वांत आधी तो पाट डोळ्यांसमोर आला. आपण सहज म्हणतो, ‘बिचारी एकटी पडली.’ पडणं हे झाडावरून पान पडावं तसं. त्यात कुणाचा हात नसतो, कुणाला जाब विचारावा लागत नाही. पण याच भाषेत ‘एकटं पाडणं’ही आहे. दोन्हींत फरक फक्त एका कान्याचा. तो काना दिला की वाक्याला कर्ता लागतो. कुणी पाडलं? कशाने? कोण बघत होतं? या पुस्तकात ज्या कथा-कादंबऱ्यांचा विचार केला आहे, त्या सगळ्या मला हा काना देण्याच्या प्रयत्नांसारख्या वाटतात. पितृसत्ता हा शब्द आज चर्चासत्रांत इतका वापरला जातो की त्याला चेहरा उरलेला नाही. चांगली कादंबरी त्याला चेहरा देते. दार कुणी लावलं, कडी आतून होती की बाहेरून, आणि ती लागली तेव्हा घरातली बाकीची माणसं काय करत होती, हे ती दाखवते.

सुरुवात करावी लागते ती १८५७ पासून. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते या पार्श्वभूमीवर. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो आणि पुढे जातो. तिची रचना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. यमुना आपल्या पतीबरोबर, विनायकरावांबरोबर, प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकते. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते. कादंबरीचा रोख धर्मांतराकडे आहे आणि तो त्यांनी लपवलेला नाही. तो उपाय वाचकाला पटो न पटो, रचनेतून एक गोष्ट लख्ख दिसते. प्रत्येक घरात एक बाई आहे आणि प्रत्येकीला वाटतं, हे माझ्याच कपाळी आलं. भोग, प्राक्तन, पूर्वसंचित असे शब्द तिच्या हाती दिलेले आहेत आणि ते सगळे तिच्यापाशीच येऊन थांबतात. शेजारच्या गल्लीत, पुढच्या गावात हेच चाललं आहे हे कळायला हिंडावं लागतं, आणि तिच्या हिंडण्यावर तर बंदी आहे. घरोघरचं सारखं दुःख एकमेकींना कळू न देणं, हा एकटं पाडण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का मार्ग. पुढे यमुना स्वतःच विधवा होते, तोवर तिच्याजवळ इतरजणींच्या कहाण्या साठलेल्या असतात. माझ्या दृष्टीने मराठी कादंबरीचा खरा जन्म या ऐकण्यात आहे.

तेहतीस वर्षांनी दुसरी यमुना आली. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापायला घेतली. पुस्तकरूपात ती १८९३ मध्ये आली. या यमुनेने प्रवास केला नाही, ती स्वतःच बोलू लागली. बाईने आपली हकीकत आपल्या तोंडाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, ही मराठी वाचकाला नवी गोष्ट होती. लिहिणारा पुरुष होता. पण स्वयंपाकघरातलं बोलणं, सासरच्या बायकांची कुजबुज, माहेरी आलेल्या लेकीची धांदल हे सगळं त्याने इतकं कान देऊन ऐकलेलं होतं, की यमूचा आवाज कुठे उसना वाटत नाही.

या कादंबरीपाशी मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या लेखनाची बीजं तिच्यात आहेत. यमूचं बालपण वडिलांच्या धाकात आणि आईच्या सोसण्यात जातं. मैत्रीण दुर्गी आहे, तिच्या नशिबी छळणारा नवरा येतो. यमूला मात्र चांगला नवरा मिळतो. रघुनाथराव तिला शिकवतात, तिच्याशी बोलतात, मुंबईत बिऱ्हाड करतात. तिथे सुधारक मित्रांची मंडळी, त्यांच्या बायका, एकत्र बसून वाचणं-बोलणं असा छोटासा उजेड तिच्या वाट्याला येतो. वाचकाचाही जीव तिथे निवतो. आणि मग रघुनाथराव जातात. यमूला सासरी परत यावं लागतं, आणि वर धर्माचा आव आणि आत वेगळंच वागणारे शंकरमामंजी तिचं बळजबरीने केशवपन करवतात. त्यानंतर ती फार जगत नाही.

वाचताना आपण केशवपनाच्या प्रसंगाला रडतो. मला त्याहून भीतीदायक वाटतो तो मधला उजेड. कारण तो पूर्णपणे एका माणसाच्या श्वासावर टांगलेला होता. यमूचं वाचणं, बोलणं, बाहेर पडणं, हसणं हे सगळं नवऱ्याने दिलेलं होतं. तिच्या नावावर त्यातलं काही नव्हतं. देणारा गेला त्या दिवशी सगळं परत घेतलं गेलं. उसनं स्वातंत्र्य असंच असतं. चांगल्या पुरुषाच्या हृदयपरिवर्तनाने बाईचा प्रश्न सुटेल असं मानणाऱ्या त्या काळात, त्याच काळातल्या एका सुधारकाने ही गोष्ट इतकी स्पष्ट लिहावी, याचं मला आजही नवल वाटतं.

कादंबरी वास्तवाच्या किती जवळ होती हे पाहण्यासाठी त्या वर्षांकडे नजर टाकावी. दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी १८८४ मध्ये दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, दहाऐवजी बारा वर्षं एवढाच फरक, पण त्यावरून महाराष्ट्र पेटला. आणि कादंबरी पुस्तकरूपाने आली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. एकटं पाडण्याचं हत्यार पुरुषावरही चालत होतं, हे विसरू नये. पुरुषावर ते चाललं की त्याला बहिष्कार म्हणत आणि त्याची चर्चा वर्तमानपत्रांत होई. बाईवर चाललं की त्याला घरची रीत म्हणत.

समाजाचा दाब किती असे, याचं उदाहरण खुद्द न्यायमूर्ती रानडे. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये, विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे वाकला आणि त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. पतीने तिला शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, तरी या विषयावरच्या कोणत्याही कादंबरीशेजारी ठेवून वाचावं असं आहे. शिकण्याबद्दल रमाबाईंना सर्वांत जास्त सोसावं लागलं ते घरातल्या बायकांकडून. कर्त्या पुरुषाला उघड विरोध करणं शक्य नव्हतं, म्हणून राग वळला तो अकरा-बारा वर्षांच्या पोरीकडे.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. या साहित्यात बाईला छळताना दिसतात त्या बहुतेक वेळा बायकाच. सासू, नणंद, आत्या, शेजारीण. म्हणून ‘बाईच बाईची वैरीण’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण सासूच्या कनवटीचा चाव्यांचा जुडगा नीट पाहिला पाहिजे. कोठीची चावी तिच्याकडे असते, घराचा कागद नसतो. आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं मान खाली घालून काढल्यावर तिला मिळालेली एकच सत्ता म्हणजे नव्या सुनेवरची सत्ता. ती तिने सोडली तर तिच्याजवळ काय उरतं? घरातला पुरुष आवाज न चढवता ओसरीवर पान लावत बसू शकतो, कारण त्याच्या वतीने शिक्षा देणारी माणसं आत नेमलेली असतात. कैद्यांमधूनच मुकादम नेमावा तशी ही व्यवस्था. चांगले कादंबरीकार सासूला राक्षसीण करत नाहीत. तिच्या कपाळावरही तीच रेघ आहे हे ते दाखवतात. या पुस्तकाच्या वाचकानेही हे ध्यानात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं, तेव्हा बाई माजघरातून शाळा-कॉलेजात आणि नोकरीच्या जागी पोचली होती. विभावरी शिरूरकर या नावाने आलेल्या त्या कथांनी मोठी खळबळ उडवली. हे लिहिणारी कोण, बाई आहे की बाईच्या नावाआडचा पुरुष, याचीच चर्चा जास्त झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या नायिका शिकलेल्या आहेत, मिळवत्या आहेत, लग्न लांबलेल्या आहेत. त्यांच्यावर कुणी वस्तरा चालवत नाही. उलट त्यांच्या कर्तबगारीचं कौतुक होतं, त्यांचा पगार घराला हवा असतो. पण त्यांच्या शरीराला, मनाला काही हवं आहे, हे शब्दांत आणायला जागा नाही. घरी ‘आमची गुणी पोर’ आणि बाहेर ‘अजून जमलं नाही वाटतं?’ या दोन वाक्यांच्या मध्ये ती अडकते. एका पिढीत दार बदललं, कडी तीच राहिली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्याने टाकलेली अचला लग्नाशिवाय आपल्या आवडीच्या पुरुषाबरोबर राहण्याचं धाडस करते, आणि प्रेमापेक्षाही अवघड काय असतं तर शेजार, हे तिला कळतं. ‘चार लोक काय म्हणतील’ यातले ते चार लोक कधीच समोर येत नाहीत. त्यांना नाव नसतं, पत्ता नसतो, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही.

स्वतःच्या नावाने हे लिहिणं लेखिकेला शक्य झालं नाही, ही गोष्ट मला त्या कथांचाच एक भाग वाटते. बाईचं दुःख सांगणारी बाईसुद्धा बुरख्याआडून बोलत होती.

आता एक धागा, जो शंभरहून अधिक वर्षांत तुटलेला नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मुलाचा आणि स्वतःचा जीव वाचवावा, यासाठी. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती शिक्षा पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यांचा मुद्दा आजही ताजा आहे. एकाच गुन्ह्यात दोघं असताना कठड्यात एकटीच का उभी?

१९६७ साली रंगायनने विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन, बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. ते नाटक आहे हे खरं, पण या विषयावर लिहिताना ते वगळणं मला जमणार नाही. हौशी नाट्यमंडळी गावात प्रयोगासाठी आलेली असतात. वेळ घालवायला म्हणून खोट्या खटल्याचा खेळ सुरू होतो. आरोपी, अविवाहित शिक्षिका लीला बेणारे. आरोप, भ्रूणहत्येचा. हसतखेळत सुरू झालेल्या खेळात एकेकजण तिच्या खऱ्या आयुष्यातलं काहीबाही आणून टाकू लागतो आणि खेळ खरा होतो. नाटकाच्या आरंभी दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. पुढे ती पळून जायला बघते तेव्हा ते दार बाहेरून लागलेलं असतं. ज्यांच्यासमोर ती सापडली आहे ते तिचे शत्रू नाहीत; रोजचे ओळखीचे, चहा पिणारे, विनोद करणारे लोक आहेत. मंडळींतल्या काशीकरबाईही त्यात मागे राहत नाहीत. आणि ज्या प्रोफेसर दामल्यांचं मूल तिच्या पोटात आहे, ते त्या दिवशी आलेलेच नाहीत. ताराबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे रिकाम्या खुर्चीवर ठेवलेलं आहे. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला, पोटातला गर्भ नष्ट करावा या निकालावर संपतो.

अखेरीस बेणारे बोलते. मनात साठलेलं सगळं, भडभडून. पण तेवढा वेळ मंचावरची बाकीची माणसं गोठून उभी असतात. त्यांच्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचत नाही. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. यमूची हकीकत तिच्या घरातल्या कुणी ऐकली नव्हती, ती ‘करमणूक’च्या वाचकाने ऐकली. मराठी साहित्यात बाई पुन्हा पुन्हा घराच्या डोक्यावरून अनोळखी माणसाशी बोलते, कारण घरात ऐकणारं कुणी नसतं. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ या १९८० सालच्या पुस्तकात ‘कारावासातून पत्रे’ नावाची दीर्घकथा आहे. तिचं नुसतं शीर्षक वाचलं तरी हीच गोष्ट जाणवते. गौरीबाई त्याच महर्षी कर्व्यांची नात. पुनर्विवाहासाठी वाळीत पडलेल्या आजोबांच्या घरातली ही शिकलेली, जग हिंडलेली लेखिका. तिच्या नायिकांना दार उघडं आहे. तरीही त्यांना पत्रं लिहावी लागतात, आणि ती लिहायची जागा कारावास आहे असं वाटतं. बाहेरची कडी निघाल्यावर आतली किती काळ राहते, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या आगेमागे कमल देसाई, सानिया यांनी घेतला.

पण इथे थांबून आपल्याच वाचनाकडे पाहायला हवं. आतापर्यंत ज्या घरांची नावं घेतली, ती बहुतेक एकाच थरातली आहेत. माजघर, आलवण, सोवळंओवळं हा सगळ्या महाराष्ट्राचा अनुभव नव्हता. कष्टकरी जातींतल्या बाईला घरात कोंडून घराची चूल पेटणार नव्हती. तिला बाहेर पडावंच लागे, आणि तिथे तिला पाडणारे हात आणखी वाढत. ऊर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत आंबे विकायला बसलेल्या बाईकडे पाहून गिऱ्हाईक मुद्दाम दुहेरी अर्थाने बोलतं. ते तिच्या शाळकरी मुलाच्या कानावर पडतं आणि तो शरमेने कासावीस होतो. बाजार माणसांनी भरलेला, आणि बाईला तिच्या जातीने, गरिबीने, शरीराने एकटं गाठलेलं. तिच्या जिभेची धार हेच तिचं कवच. घरातल्या बाईला शांत राहायची शिक्षा, बाजारातल्या बाईला सतत तयारीत राहायची.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. जातीच्या अन्यायाबद्दल बोलताना त्यांनी आपल्याच घरातल्या अन्यायाला पाठीशी घातलं नाही. छळाला कंटाळून पळून जाणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडाचा जड खोडा घालत, हे त्यांनी लिहून ठेवलं. तो खोडा पायात घेऊन पोरीने घरची कामं करायची. आणि हे सगळं त्या लिहीत होत्या ते घरच्यांपासून लपवून, अनेक वर्षं. टोपणनावाआड दडलेल्या मालतीबाई आणि कागद लपवणाऱ्या बेबीताई, दोघींच्या जगण्यात जमीन-अस्मानाचं अंतर. तरी लिहिताना दोघींचा कान दाराकडेच लागलेला.

२००५ साली कविता महाजन यांची ‘ब्र’ आली. घरात, दारात, पंचायतीत बाईने ब्रही काढायचा नाही, ही आपली शिकवण; लेखिकेने ते एकच अक्षर उचलून कादंबरीला नाव दिलं. नायिका प्रफुल्ला नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलगा तिच्याकडे नाही. संस्थेच्या कामासाठी ती आदिवासी भागात हिंडते आणि निवडून आलेल्या बायकांना भेटते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, सभेत ती शेवटच्या रांगेत पदर सावरत बसलेली आणि सही तेवढी तिची, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. सरपंच झालेली बाई भरल्या सभेत एकटी असू शकते. पण ‘ब्र’मध्ये आणखी एक गोष्ट घडते. प्रफुल्ला या बायकांचं ऐकत जाते आणि ऐकता ऐकता तिला स्वतःचा आवाज सापडतो. दीडशे वर्षांपूर्वीची पहिली यमुना अशीच गावोगाव ऐकत हिंडली होती. फरक इतकाच की प्रफुल्ला एकटी हिंडते, तिला नेणारं कुणी लागत नाही. आणि ज्यांच्याकडे ती जाते त्या कोपऱ्यात बसलेल्या नाहीत. अडखळत का होईना, त्या ब्र काढू लागल्या आहेत.

या सगळ्या वाचनातून माझ्या हाती एक गोष्ट लागली आणि तीच मला या पुस्तकाच्या वाचकापुढे ठेवायची आहे. या कथा वाचताना नजर रडणाऱ्या बाईवरच खिळवू नका. तिच्याभोवतीची माणसं मोजा. तिचं नाव कुणी बदललं, तिची पत्रं कुणी फोडली, ती बोलायला लागली तेव्हा कुणी विषय बदलला, तिची बाजू ठाऊक असून कोण ताटावरून उठून हात धुवायला गेलं, हे पाहा. एकटं पाडण्यासाठी पुष्कळ माणसं लागतात आणि त्यांतली बरीचशी चांगली असतात. काही करायचंही नसतं त्यांनी. नुसतं लक्षात घ्यायचं नाही, एवढं पुरतं. आपट्यांनी कादंबरीला दिलेलं नाव म्हणूनच मला कादंबरीइतकंच मोलाचं वाटतं. त्या नावात ती बाई कुठेच नाही. आपण आहोत.

काकूंचं नाव मला आजवर सापडलेलं नाही. मी खूप उशिरा शोधायला लागले. आजी गेली होती, मामा गेला होता. कोठीच्या अंधारात त्या उभ्या असत तेव्हा मी दोनदा-तीनदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले होते, लपंडावाचा खेळ समजून. त्यांनी माझा हात धरला होता, एवढं आठवतं. त्या वेळी मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

म्हणून शेवटी एवढंच मागणं. हे पुस्तक मिटल्यावर आपल्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ जाऊन बसा आणि तिला तिचं माहेरचं नाव विचारा. ती आधी ‘कशाला आता’ म्हणेल. थोडं थांबा. मग ती बोलू लागली, तर मध्येच उठू नका.